आठशेच्या पोटात ऑल्टोचं इंजिन

२०२३ च्या दिवाळीनंतर पीयूसी काढायला गेलो. सेंटरवाल्या पोराने नळी सायलेन्सरमध्ये घातली आणि लगेच तोंड फिरवलं. निळा धूर. मशिनवर सीओ, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, ४.६ टक्के आला. आमची मारुती ८०० ही १९९७ सालची, कार्ब्युरेटरवाली. २००० सालाआधीच्या असल्या गाड्यांना ३ टक्क्यांपर्यंत सूट असते, तरीही नापास.

गाडी अण्णांच्या नावावर आहे. अण्णा म्हणजे माझे वडील, गिरणीत फिटर होते. विकायचं नाव काढलं की ते उठून आत जातात. गॅरेजवाल्याने बोर, पिस्टन, रिंगा, हेड असं मिळून ३२,००० चा अंदाज दिला. माझा एक मित्र ऐकून म्हणाला, "बत्तीस हजार त्या म्हाताऱ्या इंजिनात कशाला घाललालास बे? दुसरं इंजिनच बसव की."

तिथून हे सगळं सुरू झालं. मी बँकेत कारकुनी करतो, पान्याशी माझा संबंध सायकलपुरता. मेस्त्री नाही त्यानेही वाचावं म्हणून सगळं तारखांसकट लिहितोय.

आधी डोक्यात एस्टीमचं १३०० सीसीचं इंजिन होतं. आठवडाभर मी त्याच तंद्रीत होतो. ४ डिसेंबरला आरटीओत गेलो, तिथल्या निरीक्षक साहेबांना सरळ विचारलं. ते हसले नाहीत, ही त्यांची कृपा. म्हणाले, "सीसी बदलला की आरसीवरची माहितीच बदलली. तुमची फाइल या टेबलावरच थांबेल." मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीने ठरवून दिलेली आणि आरसीत नोंदलेली वैशिष्ट्यं बदलतील असा फेरफार मालकाला करता येत नाही. जो करता येतो तोही विचारून. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरफाराला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. शिवाय अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न इंजिन नंबरचाच विचारणार.

मग ऑल्टोकडे वळलो. आठशेचं जुनं इंजिन ७९६ सीसी, तीन सिलिंडर, सहा व्हॉल्व. जुन्या ऑल्टोचं इंजिनही ७९६ सीसी आणि तीनच सिलिंडरचं. बोर (सिलिंडरचा व्यास) ६८.५ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७२ मिमी, दोन्हींत तेच. पण वर बारा व्हॉल्वचं हेड आणि कार्ब्युरेटरऐवजी एमपीएफआय, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला मोजून पेट्रोल फवारणारी यंत्रणा. ३७ च्या जागी ४६-४७ हॉर्सपॉवर. कंपनी तीच, इंधन तेच, सीसी तोच, आणि मारुतीने स्वतःच मधल्या काळात पाच गिअरच्या आठशेत हे बारा व्हॉल्वचं इंजिन दिलं होतं. हा शेवटचा मुद्दा मी अर्जात ठळक लिहिला. आमच्याकडे तो चालला. तुमच्या आरटीओत काय म्हणतील ते आधी विचारा, फोनवर नाही, समोर जाऊन.

साहेबांनी आरसी उलटसुलट पाहिली आणि विचारलं, "हे एचपी अजून कसं?" हे एचपी म्हणजे हॉर्सपॉवर नव्हे, आरसीवरची कर्जाची नोंद.

१९९७ मध्ये अण्णांनी एका पतसंस्थेचं कर्ज काढून गाडी घेतली होती. कर्ज २००१ मध्ये फिटलं. बोजा मात्र आरसीवर तसाच. बोजा असलेल्या गाडीत कर्ज देणाऱ्याच्या संमतीशिवाय फेरफार नाही. आणि कर्ज देणारी पतसंस्था कधीच अवसायनात गेलेली. तिच्या जागी आता मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे.

पुढचे सहा आठवडे इंजिनाशी काहीही संबंध नसलेल्या कामात गेले. सहकार खात्याच्या कार्यालयात जाऊन त्या संस्थेचा अवसायक, म्हणजे बंद संस्थेचे व्यवहार मिटवणारा अधिकारी, कोण ते शोधलं. ते आठवड्यातून दोनच दिवस भेटायचे. माणूस चांगला, पण खतावण्या गोदामात. मध्येच आमची गड्डा यात्रा आली. सिद्धेश्वराच्या यात्रेच्या आठवड्यात सोलापुरात कुठलंही कागदाचं काम निघत नाही, निघू नये असंच माझंही मत आहे. आम्ही सगळे होम मैदानावर. अखेर वाचवलं ते अण्णांच्या पत्र्याच्या डब्याने. त्यात हप्त्यांची वही होती आणि शेवटची पावती, शिक्क्यासकट. २३ जानेवारीला अवसायकांच्या सहीचा 'येणे बाकी नाही' दाखला आणि बोजा उतरवायच्या फॉर्म ३५ च्या दोन प्रती हातात आल्या. तुमची गाडी जुनी असेल तर आजच आरसीवरचा एचपीचा रकाना बघा. कर्ज फिटलं म्हणजे बोजा आपोआप उतरतो असं नाही.

आणखी एक किरकोळ खोळंबा. ऑनलाइन अर्जाला ओटीपी लागतो आणि अण्णांच्या आधारला जोडलेला नंबर दहा वर्षांपूर्वी बंद झालेला. आधार केंद्रात तेव्हा ५० रुपये, रांगेत अडीच तास, नंबर बदलायला चार दिवस.

इंजिन मिळालं पुण्यात. २००८ ची ऑल्टो, मागून ट्रकने ठोकलेली, नोंदणी रद्द झालेली. मागून ठोकलेलीच बघा असं मेस्त्रींनी बजावलं होतं, कारण पुढून मार बसलेल्या गाडीच्या इंजिनाचे माउंटिंग आणि ब्रॅकेट कुठे चिरले असतील सांगता येत नाही. आमचे मेस्त्री म्हणजे गल्लीतलेच, गॅरेज बंद करून घरी बसलेले. अण्णांना मान देतात म्हणून सोबत आले. त्यांनी ऑइलचं झाकण उघडून आतून बोट फिरवलं. दुधाळ चिकटा असेल तर पाणी ऑइलमध्ये जातंय, इंजिन सोडून द्यायचं. मग बॅटरी जोडून, प्लग काढून, सेल्फ मारत तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आत तयार होणारा दाब, मोजलं. गेजवर किती येतं यापेक्षा तिघांत फरक किती आहे ते बघतात म्हणे. फरक जवळजवळ नव्हता.

इथे कोंबडी आधी की अंडं. आरटीओच्या अर्जात नवीन इंजिनाचा नंबर हवा, दुकानदार पैसे हातात पडल्याशिवाय बिल देईना, आणि परवानगी मिळण्याआधी पूर्ण पैसे द्यायची माझी तयारी नाही. ३,००० टोकन देऊन इंजिन नंबरचा फोटो, मूळ गाडीच्या आरसीची प्रत आणि नोंदणी रद्द झाल्याचा कागद घेतला. तिथेच मोबाइलवर डिजिटल पोलीसच्या पोर्टलवर नंबर टाकून एनसीआरबीची (देशभरातल्या गुन्ह्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या सरकारी संस्थेची) वाहन एनओसी काढली. तो इंजिन किंवा चासी नंबर चोरीच्या यादीत नाही एवढंच ती सांगते, पण तेवढं कळणं लाखमोलाचं. फुकट आहे, पाच मिनिटांचं काम. दुकानदाराचा चेहरा त्या पाच मिनिटांत कसा होतो त्यावरूनही बरंच कळतं.

१२ फेब्रुवारीला अर्ज, प्रतिज्ञापत्र, दाखला, एनओसी, विमा, सगळं दिलं. २७ ला परवानगी आली. २ मार्चला टेम्पो इंजिन घेऊन दारात उभा. इंजिन, पूर्ण वायरिंग आणि ईसीएम (इंजिनाचा संगणक) मिळून टोकनसकट १९,०००, टेम्पोचे २,५००.

महाशिवरात्र शुक्रवारी होती, तीन दिवस सुट्टी. जुळे सोलापुरात आमच्या घरासमोर लिंबाचं झाड आहे, पण फांदीला इंजिन टांगायला अण्णांनी साफ नकार दिला. "फांदी सांगून मोडत नाही." मग तीन जीआय पाइपांची तिपाई आणि भाड्याची चेनकप्पी, १५० रुपये रोज.

अण्णांनी पाना हातात घेण्याआधी जुनी सोलापुरी चादर मागितली. फाटून पायपुसणं झालेली होती ती. तिच्या बोटभर रुंद चिंध्या फाडायला लावल्या. गिरणीत साचा, म्हणजे माग, उघडताना म्हणे हीच पद्धत. जे सुटेल त्याच्या दोन्ही टोकांना एकाच नंबरची चिंधी, आणि वहीत त्या नंबरसमोर एक ओळ. मी म्हटलं, "अण्णा, मोबाइलमध्ये फोटो काढतो की." ते म्हणाले, "काढ. फोटोत वायर दिसते, ती कशाखालून गेली ते दिसत नाही." ६१ चिंध्या झाल्या. त्यांच्या वहीतली एक ओळ अशी: '२३. काळी नळी, हीटरकडे, ब्रेकच्या पाइपाच्या खालून, क्लिपचं तोंड डावीकडे.' पाच आठवड्यांनी फोटोत मला नुसता काळा गोंधळ दिसत होता आणि वहीतली ही ओळ वाचून नळी एका फटक्यात बसली. चादरीचं कापड ऑइलने भिजूनही त्यावरचा मार्करचा आकडा वाचता येतो, कागदी लेबलं विरघळतात. तुमच्याकडे चादर नसेल असं कसं म्हणू, सोलापूरबाहेरही लोक राहतात.

बॉनेट काढलं, बॅटरी उचलून घरात नेली, टाकी आदल्या दिवशीच रिकामी केली. वाळूच्या दोन बादल्या जवळ ठेवल्या. कूलंट आणि ऑइल काढलं. गिअरबॉक्स जागेवरच ठेवायचा असल्याने त्याच्याखाली जॅक आणि लाकडी ठोकळा. इंजिन-गिअरबॉक्स जोडणाऱ्या बेलहाउसिंगचे बोल्ट सुटले, पण शेवटचा एक काही केल्या सुटेना. रॉकेल, हातोडी, शिव्या, शेवटी पाइप घालून लांब केलेला पाना. ९ मार्चला दुपारी साडेतीनला जुनं इंजिन हवेत लटकलं. गल्लीतली सगळी पोरं गोळा. अण्णा एकदम गप्प झाले, मग म्हणाले, "चहा टाका."

इंजिन बाहेर असताना जे करून घ्यायचं ते तेव्हाच करावं. टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, पुढचं-मागचं ऑइल सील, गॅस्केट, सगळं नवं घातलं, ४,६००. क्लचसेट २,९००. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा: क्लचप्लेट घेण्याआधी गिअरबॉक्सच्या शाफ्टचे दात मोजा आणि जुनी प्लेट सोबत न्या. दुकानदार 'सेमच येतं' म्हणतो, तो रोज दहा जणांना म्हणतो. इंजिन धुवायला मात्र पाण्याची वाट बघावी लागली. आमच्याकडे नळ चार-पाच दिवसांनी येतो, त्या दिवशी टाक्या भरायच्या की इंजिन धुवायचं यावरून घरात जे झालं ते इथे लिहीत नाही.

इंजिन बसवणं मानाने सोपं निघालं. एक ब्रॅकेट जुन्या इंजिनावरून काढून लावला, एकाचं भोक लेथवाल्याकडून ओव्हल करून घेतलं. दोन रविवारांत इंजिन जागेवर. मला वाटलं झालंच. मेस्त्री म्हणाले, "सर, आत्ता कुठं सुरुवात."

कार्ब्युरेटरच्या गाडीत इंजिनावरचा छोटा पंप पेट्रोल ओढतो, दाब नाममात्र. एमपीएफआयला टाकीतला इलेक्ट्रिक पंप आणि कितीतरी जास्त दाब लागतो. ऑल्टोची टाकी आपल्या गाडीला बसत नाही. उपाय असा की पुढच्या काळातल्या एमपीएफआय आठशेची टाकी भंगारातून आणायची, बॉडी तीच असल्याने ती बसते. टाकी, पंप आणि नळ्या मिळून ५,२००. जुन्या रबरी नळ्या चुकूनही ठेवू नका. इंजेक्शनच्या दाबाच्याच नळ्या आणि त्यांच्याच क्लिपा. सायलेन्सरचा पुढचा पाइप जुळत नव्हता, तोही करून घेतला, २,२००.

आणि वायरिंग. यूट्यूब बघून मी दोन्ही वायरिंग उकलून एकत्र करायला निघालो होतो. वायरमनने आल्या आल्या ते थांबवलं. म्हणाला, गाडीची वायरिंग गाडीला राहू दे, इंजिनाची इंजिनाला. दोघींची गाठ फक्त सात ठिकाणी घालायची: बॅटरीचा कायमचा प्लस, चावीचा प्लस, सेल्फ, अर्थ, पंपाचा रिले, रेडिएटरचा पंखा आणि चेक इंजिनचा दिवा. त्याने सात वायरींना सात रंगांच्या टेप लावल्या. अण्णांना तो माणूस तेव्हाच आवडला. ईसीएम आत डॅशबोर्डखाली, जिथे पाणी आणि इंजिनाची धग पोचत नाही. वायर आत घेताना पत्र्याच्या भोकाला रबरी बुश हवाच, नाहीतर पत्र्याची धार महिन्याभरात वायर कापते.

३१ मार्चला सेल्फ मारला. इंजिन फिरलं. लागलं नाही. पुन्हा. नाही. प्लगला स्पार्क नाही, पंप एक क्षण घुंई करून गप्प. दोन दिवस वायरमनने सगळ्या जोडण्या तपासल्या. मी रात्री दीडला उठून टॉर्च घेऊन गाडीत बसलो, तेव्हा वायरिंगच्या एका लटकत्या टोकावर माझी नजर गेली. कनेक्टर होता, पण त्याला पुढे काहीच नव्हतं. इमोबिलायझर. मारुतीचं आयकॅट्स. त्या ऑल्टोच्या ईसीएमला त्याच गाडीच्या चावीतली चिप ओळखू आल्याशिवाय ते इंजिन लागू देत नाही. आम्ही ईसीएम आणला आणि चावी सोडून आलो. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, "चावी कुठंतरी डब्यात असेल, येऊन शोधा." पुण्याला गेलो. डब्यात दोन-तीनशे चाव्या. मूळ चावी आणि इमोबिलायझरचा डबा मिळायला चार तास, आणि जाऊन-येऊन १,१५० रुपये. जुनं इंजिन घेताना ईसीएम, इमोबिलायझर आणि चावी तिन्ही एकाच गाडीची, एकाच वेळी, हातात घ्या. हा एवढा परिच्छेद वाचून कोणी विसरलं तरी चालेल, पण खरेदीला जाताना हातावर लिहून जा.

पाडव्याला गाडी सुरू करायचं ठरलं होतं, तो ९ तारखेला होऊन गेला. सुरू झाली १४ एप्रिलला, रविवारी. जयंतीच्या मिरवणुकीच्या तयारीत बाहेर साउंड तपासणं चाललेलं, त्यामुळे इंजिन लागलंय हे मला आवाजाने नाही, स्टिअरिंगच्या थरथरीने कळलं. अण्णा सायलेन्सरच्या मागे तळहात धरून उभे होते. हात वळवून बघितला, हुंगला. धूर नव्हता.

कॉलनीत दोन चकरा मारल्या आणि चौथ्या दिवशी काटा लालच्या जवळ. पारा चाळिशीच्या वर, गाडी उभी, इंजिन चालू, आणि पंखा ढिम्म. जुन्या गाडीत पंख्याचा स्विच वेगळा होता, आता हुकूम ईसीएमकडून येतो. सात गाठींतली सहावी गाठ ढिली होती. पंधरा मिनिटांचं काम. पण उन्हाळ्यातल्या सोलापुरात हे रस्त्यावर झालं असतं तर हेड गेलं असतं. म्हणून पहिले आठ दिवस घराजवळच, आणि नजर काट्यावर.

फेरफार झाल्यापासून १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. २२ ला कळवलं, विमा कंपनीलाही लेखी दिलं. पण लोकसभेची आचारसंहिता चालू, सोलापूरचं मतदान ७ मे रोजी, बरेचसे कर्मचारी निवडणुकीच्या कामावर. तपासणीची तारीख मिळाली २१ मे. त्या दिवशी साहेबांनी बॉनेट उघडून नंबर मागितला, आणि इंजिन नंबर आमच्याच ब्रॅकेटमागे अर्धा झाकलेला. पेन्सिलची छाप पूर्ण उठेना. परत. चूक आमची. ब्रॅकेट कापून, घासून, १० जूनला पुन्हा पासिंगला नेली. छाप उठली. चासी नंबरचीही घेतली. पीयूसीत सीओ ०.३. साहेबांनी फाइलवर सही करता करता अण्णांना विचारलं, "काका, गिरणीत होता का?" चिंध्या अजून दोन वायरींना लटकत होत्या.

नवीन इंजिन नंबरचं आरसी कार्ड ४ जुलैला पोस्टाने आलं. एजंट लावला नाही. त्याने वेळ वाचला असता का? कदाचित दोन फेऱ्या. पतसंस्थेचा दाखला त्यानेही आणला नसता.

वर लिहिलेले सगळे आकडे, वायरमनचे ६,०००, ऑइल-कूलंटचे २,१००, लेथ-वेल्डिंग ९००, चार दिवसांची चेनकप्पी ६००, नोटरी-झेरॉक्सचे १,१०० धरून, आरटीओची फी सोडून, ४८,३०० झाले. ३२,००० त इंजिन काम झालं असतं हे मला घरी अधूनमधून ऐकवलं जातं. ते खरंही आहे. अॅव्हरेज १३-१४ वरून १८ च्या आसपास गेलंय, त्या हिशेबाने फरक वसूल व्हायला बरीच वर्षं लागतील. जुनं इंजिन परसात ताडपत्रीखाली आहे. अण्णा विकू देत नाहीत.

सध्या दोन गोष्टी बाकी आहेत. टाकी फुल्ल केली तरी पेट्रोलचा काटा पाऊणच्या पुढे जात नाही, कारण टाकीतला फ्लोट एका मॉडेलचा आणि डॅशवरचं मीटर दुसऱ्याचं. आणि चेक इंजिनचा दिवा जळतच राहतो. स्कॅनर लावला तर स्पीड सेन्सरचा कोड दाखवतो. जुन्या गिअरबॉक्सला नुसती केबल आहे, सेन्सर नाहीच. वायरमन म्हणाला, "गणपती झाले की येतो." कुठल्या वर्षीचे, ते विचारायचं राहिलं.